पाणी न सांडणारी गाडी

सहदेव सोमकुंवरला बसलेलं मी क्वचितच पाहिलं. त्याच्या दुकानात खुर्ची नव्हती. एक स्टूल होतं, ते गिऱ्हाइकासाठी. तेही गिऱ्हाईक बसलं न बसलं की सहदेव म्हणायचा, "उठा जरा भाऊ," आणि त्याच स्टुलावर चढून वरच्या फळीवरून तारेचं बंडल काढायचा. ते बंडल त्याला त्या वेळी हवं असायचंच असं नाही. चहा तो उभ्यानं प्यायचा, तोही अर्धाच. उरलेला अर्धा कप कुठल्या तरी उघड्या मोटरीशेजारी निवत पडायचा. चहावाला रोज शिव्या द्यायचा आणि रोज चहा द्यायचा.

सौंसरच्या बाजारात आमची दुकानं एकमेकांना लागून होती. माझं रेडिओ दुरुस्तीचं, त्याचं शेतीपंपांच्या जळालेल्या मोटरी वायंडिंग करून देण्याचं. मध्ये फक्त एक टिनाची भिंत. पलीकडून दिवसभर ठोकाठोकी, वॉर्निशचा वास आणि सहदेवचं स्वतःशी बोलणं. रेडिओचं काम म्हणजे कान देऊन करायचं काम, आणि शेजारी हा प्राणी! मी वैतागून टिनावर हातोडी आपटायचो. तिकडून आवाज यायचा, "हौ हौ, झालंच. अजून जरासक."

हे 'अजून जरासक' त्याच्या तोंडी बसलेलं होतं. मोटर भरून झाली, सुरू झाली, गोड चालायला लागली की दुसरा माणूस हात धुतो. सहदेव ती पुन्हा उघडायचा. पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "ऐक, बोलून राहिली." मला काही ऐकू यायचं नाही. समोर उभ्या शेतकऱ्यालाही यायचं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त वाळणारी संत्र्याची बाग असायची. "सहदेवभाऊ, चालून राहिली ना ते? मंग देऊन टाक ना बाप्पा!" पण सहदेवनं तोवर चार नट काढलेले असायचे. माझ्यापेक्षा तो सहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो आणि अरेतुरे करायचो, आणि दिवसातून दोनदा तरी त्याच्यावर चिडायचो.

आज त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. परवा आमच्याच रांगेत बॅटरीच्या स्कूटरचं दुकान उघडलं. विकणारा माणूस कौतुकानं सांगत होता की हिच्या आत कंट्रोलर आहे, जोर किती द्यायचा, किती हळू सुटायचं, सगळं फोनवरून ठरवता येतं. मी विचारलं, "चढावर थांबवली आणि पुन्हा सोडली, तर मागे येते का?" तो म्हणाला, "काका, आपल्याकडं चढ कुठं आहे?" मी घरी येऊन हे लिहायला बसलो.

सहदेवच्या अस्वस्थपणाची कीर्ती मोठी होती. माझं लग्न पांढुर्ण्याला झालं, ऐन वैशाखात. मांडवात एकच मोठा उभा पंखा, तो सासरच्यांनी कुठून तरी मागून आणलेला. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला, आणि एकाएकी वारा थांबला. मला वाटलं वीज गेली. वीज गेली नव्हती. पंख्याची घरघर सहदेवला सहन झाली नव्हती. तो पंख्यामागं उकिडवा बसून जाळी खोलत होता, दातांत स्क्रू धरलेले. सासरेबुवा घामानं निथळत होते, भटजींचं टिपेला गेलेलं 'सावधान' खाली आलं होतं. पाचव्या मंगलाष्टकाला पंखा पुन्हा सुरू झाला आणि खरं सांगायचं तर मुळीच आवाज करेना. पण सासरे पुढची दहा वर्षं त्याला 'तो पंखेवाला' म्हणायचे, आणि त्यात प्रेम नसायचं.

हा माणूस एक काम मात्र ठरल्या वेळेला, न बोलता, न चुकता करायचा. रोज सकाळी नऊ वाजता बहिणीला सायकलच्या कॅरियरवर बसवून सात किलोमीटर नेऊन सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायचा.

इंदू त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आई-वडील गेल्यावर यानंच वाढवलेली. लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय गेला. कुबडी घेऊन ती शिकली, मास्तरीण झाली, आणि रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर लागली. बसची पायरी तिला चढवत नसे, आणि कुबडी दिसली की ड्रायव्हर बस थोडी पुढंच नेऊन थांबवी. गावात खोली घेऊन राहावं, तर विहाराजवळच्या मोहल्ल्यातून आलेल्या एकट्या बाईला तिथं खोली मिळाली नाही. लोक हसून बोलायचे, पोरं तिच्या हाताखाली पाठवायचे, आणि खोली मात्र नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. त्याबद्दल सहदेव कधी बोलला नाही. सायकलचं कॅरियर मात्र त्यानं रुंद करून घेतलं.

त्या वाटेवर एक नाला आहे. रस्ता खाली उतरतो, सिमेंटच्या रपट्यावरून पाणी ओलांडतो आणि पुन्हा चांगलाच चढतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्या चढावर सहदेवनं पायडलवर जोरात भार दिला, झटका बसला आणि इंदू कॅरियरवरून मागं पडली. मनगट मोडलं. मनगट दीड महिन्यात जुळलं, सहदेवच्या मनात मोडलं ते कधी जुळलं नाही. पुढची चार वर्षं तो त्या चढावर उतरून सायकल ढकलत न्यायचा.

त्या वर्षी आषाढात तो पोट धरून माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसला. बसला म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे मी ओळखलं. डॉक्टरनं हर्निया सांगितला होता. नागपूरला ऑपरेशन, आणि त्यानंतर वजन ओढणं कायमचं बंद. "एकटा सायकल चालवीन तं चालवीन म्हणे," सहदेव म्हणाला, "डबल सीट नाई."

"मग इंदू?"

"तेच तं." तो उठला, माझ्या टेबलावरचा पेचकस उचलला, पुन्हा ठेवला. "दिवाळीच्या सुट्ट्या संपतपर्यंत पट्टा बांधून नेतो मी तिले. मंग तिनं एकटीनं गेलं पाह्यजे. नाई गेली तं नोकरी गेली. आन नोकरी गेली तं मनोहर, थे पोरगी घरात बसून मरून जाईन."

इंदूला सरकारकडून हातानं फिरवायची तीनचाकी मिळालेली होती. सपाट रस्त्यावर ती ठीक, पण रपट्याचा चढ तिच्यानं चढत नसे. सहदेवनं ठरवलं, तिला मोटर बसवायची. पेट्रोलची नव्हे. पेट्रोलच्या गाडीला लाथ मारून सुरू करावं लागतं, आणि इंदूकडे लाथ मारायला पाय एकच होता, तोच तिला उभं धरायचा. बॅटरीची मोटर. तेव्हा आमच्याकडे असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं.

मोटर पांढुर्ण्याच्या एका कबाड्याकडं होती, कुठल्या तरी कारखान्यात बॅटरीवर माल ओढणाऱ्या ठेल्यातून निघालेली. ती आणायला आम्ही गेलो, तर बाजार बंद, रस्ते ओस. पोळ्याचा दुसरा दिवस होता. गोटमार! सौंसरचा माणूस गोटमार कधी आहे हे विसरतो, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. अख्खं पांढुर्णा जाम नदीवर, पलीकडून सावरगाव, मध्ये दगडांचा पाऊस, आणि आमचा सहदेव कबाड्याच्या बंद फाटकासमोर येरझारा घालतोय. मी म्हटलं, उद्या येऊ. तो म्हणाला, "त्याचं दुकान हाय, तो येईनच ना." दुपारी कबाडी आला, कपाळाला पट्टी, शर्टावर रक्ताचे डाग आणि चेहऱ्यावर मोठा आनंद. नदीत रोवलेला झेंडा यंदा कुणी तोडला ते तो सांगायला लागला. सहदेवनं त्याला अर्ध्यावर तोडलं, "मोटर दाखोव." कबाड्यानं पट्टीवर हात दाबत मोटर दाखवली. एवढं रक्त पाहून साधं 'लागलं का' हेही विचारायचं सहदेवला सुचलं नाही. परतताना मी ते बोलून दाखवलं, तेव्हा तो खरंच चपापला. पुढच्या खेपेला त्याच्यासाठी हळद घेऊन गेला.

मोटर भक्कम होती. ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या की गाडी तर ओढेलच, घरही ओढेल असं वाटायचं. अडचण जोराची नव्हतीच, जोर आवरायचा कसा ही होती. सहदेवनं आधी साधं बटण लावलं. दाबलं की गाडी उडी मारायची आणि साखळी तुटायची. मग शेगडीची तार गुंडाळून तीन टप्प्यांची व्यवस्था केली, आधी थोडी वीज, मग जास्त, मग सगळी. ती तार अशी लाल व्हायची की इंदू म्हणाली, "दादा, यावर भाकर होईन."

तेव्हा मी मधे पडलो. आमच्या धंद्यात एक जाडजूड, दोन कानांचा ट्रान्झिस्टर असायचा, सगळे त्याला तीस पंचावन्न म्हणायचे. असे पुष्कळ ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी लावायचे आणि त्यांच्याकडून वीज एका सेकंदात शेकडो वेळा तोडायची-जोडायची. जितकी जास्त वेळ जोडलेली, तितका जास्त जोर. तार लाल होत नाही, हाताच्या मुठीनं वेग कमीजास्त होतो. मी हे मोठ्या ध्वनिक्षेपकांसाठी वाचलं होतं, मोटरीवर कधी केलं नव्हतं. सहदेवनं ते एकदा ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी टिनाच्या भिंतीला भोक पाडलं, म्हणजे त्याला माझ्या दुकानात यायला फेरा पडू नये. घरमालकाला आम्ही भोक उंदरांनी पाडलं असं सांगितलं, आणि घरमालक त्या भोकाकडे बघत बराच वेळ उभा राहिला.

ट्रान्झिस्टर तापतात, त्यांना गार ठेवायला जाड पत्रा लागतो. सहदेवनं घरातली जर्मनची मोठी परात आणली, म्हणजे ॲल्युमिनियमची, आणि तिच्या पाठीवर आठ ट्रान्झिस्टर बसवले. इंदूला ती परात पिठासाठी हवी होती. बाकीची जोडणी एका खोक्यात बसवली होती, आणि त्या खोक्याच्या कडेला दोन बारीक स्क्रू होते. एकानं ठरायचं मूठ पिळल्यावर वीज किती सावकाश वाढायची. दुसऱ्यानं ठरायचं जास्तीत जास्त किती द्यायची. सहदेवनं रंगानं त्यांच्याशेजारी लिहिलं, 'धीर' आणि 'जोर'. मी म्हटलं, "भाऊ, पहिला स्क्रू तुला स्वतःला बसवून घे." तो हसला नाही. त्या दिवसांत तो हसतच नव्हता.

पहिली मोठी चाचणी त्यानं बाजाराच्या दिवशी घेतली. का, तर म्हणे रिकाम्या रस्त्यावर कुणीही चालवीन. अर्ध्या रस्त्यात एक ट्रान्झिस्टर जळाला. आता गंमत अशी की हा ट्रान्झिस्टर जळताना बंद पडत नाही, तो आतून जुळून जातो, म्हणजे मूठ सोडली तरी सगळी वीज वाहत राहते. गाडी सुसाट निघाली. सहदेव ओरडत होता, "सरका, सरका, ऐकून नाई राहिली!" कोणाला वाटलं गाडीला कान आहेत. वांग्यांच्या ढिगात घुसून ती थांबली. वांगीवाल्या बाईनं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि तो वांग्यांत बसल्या बसल्याच तिला विचारत होता, "मावशी, धूर पहिले कुठून निंघाला, पाह्यलं का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं बॅटरीच्या तारेवर चाकूसारखं एक पातं बसवलं आणि त्याला दोरी बांधली. दोरी ओढली की सगळं बंद. इंदू तिला वेसण म्हणायची. आणि ट्रान्झिस्टर पुन्हा जळू नयेत म्हणून सहदेवनं 'जोर' कमी केला, पुन्हा कमी केला.

मग पाण्याचं खूळ सुरू झालं. गाडीच्या पायटावर, म्हणजे पाय ठेवायच्या फळीवर, तो काठोकाठ भरलेला पितळी तांब्या, आमच्याकडचा गडवा, ठेवायचा. गाडी सुरू करायची, आणि पाणी सांडता कामा नये. सांडलं की 'धीर'चा स्क्रू पाव वळसा फिरवायचा. पुन्हा गडवा भरायचा. अख्खी दिवाळीची सुट्टी त्यानं जिनिंगच्या मोकळ्या आवारात हेच केलं. एक थेंब सांडला तरी, "अजून जरासक." मी म्हटलं, भाऊ, हिला गाडीतून शाळेत जायचंय, दूध विकायला नाही. पण मला कळत होतं. त्या गडव्यात पाणी नव्हतं, रपट्याच्या चढावर मागं पडलेली इंदू होती. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, गाडी अशी काही सुटली की गडव्यातल्या पाण्यावर साधी लहरही उठली नाही. सहदेवनं आजूबाजूला पाहिलं, जणू टाळ्या वाजायला हव्या होत्या.

"चला आता रपट्यावर," इंदू म्हणाली.

ती गाडीत, सहदेव शेजारून जवळजवळ पळत, मी मागं सायकलवर. रपटा ओलांडला. चढ सुरू झाला, गाडी कण्हत कण्हत चढू लागली, आणि समोरून संत्र्यांनी भरलेली बैलगाडी उतरली. इंदूनं डाव्या हातानं ब्रेक धरला. बैलगाडी गेली. इंदूनं ब्रेक सोडून मूठ पिळली.

गाडी पुढं गेली नाही. सहदेवनं तिला इतका धीर शिकवला होता की जोर यायला तीन सेकंद लागत, आणि आलेला जोरही चढाला पुरत नसे. दोन बॅटऱ्यांचं वजन घेऊन गाडी मागं सरकू लागली, आणि मग मागं धावू लागली. इंदू ओरडली नाही. तिनं ब्रेक पुन्हा दाबला, पण आता तो धरेना. सहदेव गाडीच्या मागं आडवा झाला, खांदा लावला. मी सायकल टाकून धावलो. आम्ही दोघांनी मिळून ती धरली, दगड लावला. सहदेव पोटावरच्या पट्ट्यावर हात दाबून वाकला होता आणि तशातही म्हणाला, "काही नाई, काही नाई. मी हाव ना इथं."

"उद्या कुठं राहशीन?" इंदू म्हणाली.

तो चाकाखालचा दगड पुन्हा ठोकू लागला.

"उद्या तू नसशीन, दादा. म्हणून तं बनवून राहिला ना हे?" ती म्हणाली. "मी पडन, मी पडन, एवढंच तुह्या डोक्यात. माहं मनगट मोडलं, जुळलं. मले पडायचा भेव नाई. मले मांगं जायचा भेव हाय. माह्या पाठीमांगं काय हाय थे मले दिसत नाई, पाय टेकवता येत नाई. सांडू दे तुहं पाणी! एक झटका बसन, बसू दे. मी दांडी धरून बसन."

"झटका बसला तं..."

"कोण बसून राहिलं गाडीत? तू का मी?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. दोन महिने आम्ही दोघं शहाणे त्या खोक्यात डोकं घालून बसलो होतो. सपाट आवारात सहदेव चालवत होता, सहदेव थांबवत होता, सहदेव पाणी मोजत होता. जिला जायचं होतं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

इंदूनं हात पुढं केला. "पेचकस."

सहदेवनं माझ्याकडं पाहिलं. मग कानामागचा पेचकस काढून तिच्या हातात दिला. दुसऱ्याच्या हातात आपला पेचकस देताना मी त्याला तेवढंच एकदा पाहिलं. तिथंच, चढावर, दगड लावलेल्या गाडीत बसून तिनं 'धीर' कमी केला, 'जोर' वाढवला. दगड काढ म्हणाली. गाडी जरा मागं जाऊन थांबली. पुन्हा पाव वळसा. पुन्हा. पाचव्या की सहाव्या वेळेला ब्रेक सोडताक्षणी गाडीनं एक हिसका दिला, इंदूची मान मागं गेली, आणि गाडी चढाच्या वर. वरून तिनं हाक मारली, "मनोहरभाऊ, परात तापून राहिली!"

मी त्याच दुपारी आणखी चार ट्रान्झिस्टर चढवले, मोठा जाड पत्रा लावला. सहदेव माझ्याभोवती घिरट्या घालत होता. "जोर जरासक कमी केला तं? धीर थोडा..." शेवटी इंदू कुबडी टेकत आली, पिशवीतून लाल नखपॉलिशची बाटली काढली आणि दोन्ही स्क्रूंवर एकेक जाड थेंब सोडला. रेडिओचे स्क्रू हलू नयेत म्हणून मी लाख लावतो ते तिनं पाहिलेलं होतं. थेंब वाळेपर्यंत फुंकर घालत ती तिथंच उभी राहिली. "आता हात लावला तं मले समजन," ती म्हणाली. "आन उद्या माह्या मांगं यायचं नाई. मांगं दिसला तं मी तिथूनच परत फिरन. सांगून ठेवते."

सोमवारी सकाळी साडेआठला सहदेव माझ्या दारात. "मांगं नाई जाऊन राहिलो आपण," तो म्हणाला, "पुढं जाऊन राहिलो." मी दुकान उघडलं नाही. चार वर्षं बहिणीला कॅरियरवर नेणारा माणूस त्या दिवशी माझ्या कॅरियरवर बसला, आणि शेतातल्या वाटेनं जाताना सबंध वेळ 'डावीकडं घे', 'ब्रेक ढिला हाय तुहा', 'मागच्या चाकात हवा नाई' हे चालू. मी म्हटलं, गप्प बैस नाहीतर उतर. तेवढ्यापुरता तो गप्प बसला. रपट्याच्या वर एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणाआड आम्ही उभे राहिलो. उभा मी राहिलो. सहदेव चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. "पात्याची दोरी पाह्यली का मी सकाळी? पाह्यली ना? पाह्यली."

मग ती आली. खाली रपट्यावर गाडी दिसली, पांढरी साडी, मागं आडवी ठेवलेली कुबडी, आणि पायटावर काहीतरी चमकत होतं. "गडवा ठेवला होता मी," सहदेव पुटपुटला. "भरून. आदत पडली." तिनं तो काढला नव्हता.

रस्ता रिकामा होता. बैलगाडी नव्हती, बकऱ्या नव्हत्या, कोणी नव्हतं. तरी बरोबर चढाच्या मध्यावर इंदूनं गाडी थांबवली. स्वतःहून. ब्रेक धरून बसली. सहदेवचं पाऊल कुंपणाबाहेर पडलं, मी त्याचा शर्ट मुठीत धरला. ती आजूबाजूला पाहत नव्हती, समोर पाहत होती. मग तिनं डावा हात सोडला.

हिसका बसला. गडवा आडवा झाला, रस्त्यावर पडला आणि ठणठणत उतारानं खाली गेला. गाडी वर चढली, आमच्या समोरून गेली, आणि वळणावर दिसेनाशी झाली. इंदूनं मागं वळून पाहिलं नाही. शाळेची घंटा व्हायला अजून चांगला वेळ होता.

सहदेव कुंपणाबाहेर आला. खाली जाऊन त्यानं रपट्याच्या कडेला अडकलेला गडवा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत चढून त्या जागी आला, जिथं पाणी सांडलं होतं. डांबरावर एक ओला डाग होता, लांबट, उताराकडं ओघळलेला.

त्यानंतर सहदेव पुष्कळ वर्षं जगला. ऑपरेशन नीट झालं, मोटरी भरत राहिला, अर्धे चहा निवत राहिले, आणि आम्ही भांडत राहिलो. त्याला शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, पण ते मला आठवायचं नसतं. डोळे मिटले की मला तो रपट्याच्या चढावरच दिसतो.

ऊन वर आलं होतं. मी सायकल धरून उभा होतो, दुकानाबाहेर गिऱ्हाइकं ताटकळत असतील हे माझ्या डोक्यात. "चल ना भाऊ," मी म्हटलं, "गेली ती. आता काय राहिलं इथं?"

रिकामा गडवा दोन्ही हातांत धरून तो त्या डागाकडे पाहत होता. त्याचा पाय हलत नव्हता, हात हलत नव्हता.

"थांब," तो म्हणाला. "वाळू दे."

आणि तो डाग कडेकडेनं आटत पार नाहीसा होईपर्यंत सहदेव सोमकुंवर जागचा हलला नाही.